महाकाय कृष्णविवरांचे झोत भोवऱ्यासारखे का डोलतात?

कन्या तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे अंतरावर एम ८७ नावाची दीर्घिका आहे. तिच्या केंद्रातील कृष्णविवराचे छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले. काळ्या गोलाभोवती नारिंगी कडे असलेले ते चित्र जगभरातील मोबाइलवर फिरले, कारण कृष्णविवराचे ते पहिलेच छायाचित्र होते. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, याच कृष्णविवराबद्दल आणखी एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. त्याच्याजवळून निघणारा प्रचंड झोत एकाच दिशेला रोखलेला नसतो. साधारण ११ वर्षांत एक फेरी या गतीने तो डोलतो.

कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नाही. ते स्वतःभोवती फिरते का, एकटे आहे की जोडीने, हे थेट पाहून कळत नाही. झोताचे डोलणे हा त्यासंबंधीचा मोलाचा पुरावा ठरू शकतो. मात्र आकाशात वाकडा दिसणारा प्रत्येक झोत डोलणारा असतोच असे नाही, आणि या बाबतीत शास्त्रज्ञांचीही दिशाभूल झालेली आहे.

रेडिओ दीर्घिका म्हणजे काय?

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका आहे. अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा तो समूह असतो. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात एक महाकाय कृष्णविवर असते. त्याचे वस्तुमान सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट असते. एम ८७ मधील कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांइतके भरते.

काही दीर्घिकांमध्ये या कृष्णविवराजवळून परस्परविरुद्ध दिशांना दोन झोत निघतात. त्यांतील कण जवळपास प्रकाशाच्या वेगाने जातात. दीर्घिकेची हद्द ओलांडून ते बाहेरच्या विरळ वायूवर आदळतात आणि तेथे फुग्यांसारखे दोन विस्तीर्ण ढग तयार होतात. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन या ढगांतून रेडिओ लहरी सोडतात. अशा दीर्घिकांना रेडिओ दीर्घिका म्हणतात. साध्या दुर्बिणीतून दिसणारा त्यांचा ताऱ्यांचा भाग लहान असतो. रेडिओ दुर्बिणीतून दिसणारे ढग त्याच्या कितीतरी पट मोठे असतात.

अशा झोताची पहिली नोंद १९१८ मधली आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांना एम ८७ च्या केंद्रातून निघालेली एक सरळ रेघ दिसली. ती कशाची, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पुढे १९५३ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि मूळचे बंगालचे मृणालकुमार दासगुप्ता यांनी हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ या तेजस्वी रेडिओ स्रोताचे मोजमाप केले. रेडिओ लहरी एका ठिपक्यातून न येता दोन वेगवेगळ्या भागांतून येत असल्याचे त्यांना आढळले. सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या दीर्घिकेचे हे दोन ढग होते.

झोत तयार कसा होतो?

कृष्णविवरात गेलेली कोणतीही गोष्ट परत येत नाही, मग झोत बाहेर कसा पडतो, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर असे की झोत कृष्णविवराच्या आतून निघत नाही. तो त्याच्या सीमेबाहेर, अगदी लगतच्या भागात तयार होतो.

कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू थेट आत पडत नाही. तो भोवती फिरत राहतो आणि त्याची एक तप्त तबकडी तयार होते. या वायूसोबत चुंबकीय क्षेत्रही आत ओढले जाते. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असेल, तर या चुंबकीय रेषांना पीळ पडतो आणि फिरण्याची ऊर्जा त्या रेषांवाटे बाहेर पडू लागते. रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी १९७७ मध्ये ही प्रक्रिया गणिताने मांडली. झोतामागची ऊर्जा कशी मिळते, याचे आज सर्वाधिक स्वीकारले जाणारे हे स्पष्टीकरण आहे.

झोताची दिशा कृष्णविवराच्या फिरण्याच्या अक्षाशी आणि आतील तबकडीच्या अक्षाशी बांधलेली असते. एवढे मोठे वस्तुमान सहजासहजी हलत नाही. म्हणूनच काही झोत प्रदीर्घ काळ एकाच दिशेला राहतात. ‘पॉर्फिरियन’ हे त्याचे टोकाचे उदाहरण आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या या झोतांच्या जोडीची एकूण लांबी सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षे आहे. दिशा वारंवार बदलली असती, तर झोत इतक्या दूर पोहोचलाच नसता.

‘डोलणे’ म्हणजे नेमके काय?

भोवरा जोरात फिरत असतो तेव्हा तो ताठ उभा राहतो. वेग कमी झाला की तो कलतो, पण लगेच पडत नाही. स्वतःभोवती फिरता फिरता त्याचा कललेला अक्षही हळूहळू एक गोल फेरी मारू लागतो. अक्षाच्या या फिरण्याला भौतिकशास्त्रात परांचन म्हणतात.

पृथ्वीचा अक्षही असाच डोलतो. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीमुळे तो सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. या डोलण्याचा एक परिणाम कॅलेंडरमध्ये दरवर्षी दिसतो. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २१–२२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, पण मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. संक्रांतीची तारीख ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील सूर्याच्या जागेवरून ठरते आणि अक्ष डोलत असल्यामुळे ती ऋतूंच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

कृष्णविवराजवळच्या झोताचेही असेच होते. झोताचा अक्ष एका काल्पनिक शंकूच्या पृष्ठभागावरून फिरत राहतो.

झोत डोलण्याची कारणे कोणती?

दोन कारणे प्रमुख मानली जातात.

पहिले कारण म्हणजे कललेली तबकडी. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार फिरणारी जड वस्तू आपल्याभोवतीचे अवकाशही सोबत ओढते. घट्ट पाकात पळी फिरवली की भोवतालचा पाक तिच्यामागे ओढला जातो, तसे हे आहे. योझेफ लेन्स आणि हान्स थिरिंग यांनी १९१८ मध्ये हे गणित मांडले. पृथ्वीच्या बाबतीत हा परिणाम अत्यंत सूक्ष्म आहे. तरीही २००४ मध्ये सोडलेल्या ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ या उपग्रहाने तो मोजला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. कृष्णविवराजवळ हाच परिणाम प्रचंड असतो. वायूची तबकडी कृष्णविवराच्या फिरण्याच्या अक्षाशी तिरकी असेल, तर ओढले जाणारे अवकाश त्या तबकडीला डोलायला लावते आणि तिच्यासोबत झोतही डोलतो.

दुसरे कारण म्हणजे सोबती. दोन दीर्घिका एकमेकींत विलीन होतात तेव्हा त्यांची कृष्णविवरेही नव्या दीर्घिकेच्या केंद्राकडे सरकतात आणि एकमेकांभोवती फिरू लागतात. अशा जोडीत झोत सोडणाऱ्या कृष्णविवराचा अक्ष सोबत्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे दिशा बदलत राहतो. मिचेल बेगेलमन, रॉजर ब्लँडफर्ड आणि मार्टिन रीस यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली. झोतांचे डोलणे ही कृष्णविवरांच्या जोडीची खूण असू शकते, असे त्यांनी सुचवले.

म्हणजे झोत डोलताना दिसला तर एक कृष्णविवर आणि तिरकी तबकडी असू शकते, किंवा दोन कृष्णविवरे असू शकतात. नेमके काय आहे, हे डोलण्याच्या कालावधीवरून आणि इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते.

एम ८७ मध्ये काय आढळले?

‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २७ सप्टेंबर २०२३ रोजी युझू त्सुई आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. २००० ते २०२२ या काळात वेगवेगळ्या खंडांतील रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेल्या १७० निरीक्षणांचा त्यात अभ्यास होता. झोताचे मूळ दरवर्षी कोणत्या दिशेला आहे, हे मोजल्यावर ती दिशा लाटेसारखी वर-खाली होत असल्याचे दिसले. एका फेरीला सुमारे ११ वर्षे लागतात.

आकाशात ही हालचाल सुमारे १० अंशांची दिसते. प्रत्यक्षातला कल मात्र जेमतेम सव्वा अंशाचा आहे. एम ८७ चा झोत आपल्या दृष्टिरेषेशी फक्त १७ अंशांच्या आसपास कोन करतो. जवळजवळ आपल्याकडेच रोखलेली काठी किंचित हलली, तरी तिचे टोक डोळ्यांना बरेच हललेले दिसते. येथेही तसेच होते.

संशोधकांच्या मते यामागे कललेली तबकडी आणि तिला डोलवणारे फिरते कृष्णविवर आहे. कृष्णविवर स्वतःभोवती फिरते, याचा हा भक्कम पुरावा मानला गेला. २०१९ च्या छायाचित्रातून कृष्णविवराची सावली दिसली होती. झोताच्या डोलण्यातून त्याच्या फिरण्याचा माग लागला. अर्थात २२ वर्षांत ११ वर्षांच्या दोनच फेऱ्या बसतात. लय कायम राहते का, हे पुढील निरीक्षणांतून अधिक पक्के होईल.

लाखो वर्षांचे डोलणे कसे ओळखतात?

एम ८७ च्या झोताचे मूळ पाहता येते, म्हणून ११ वर्षांची लय सापडली. इतर अनेक रेडिओ दीर्घिकांत मोठ्या प्रमाणावरचे डोलणे लाखो वर्षांत एक फेरी इतके संथ असते. कोणताही माणूस ते घडताना पाहू शकत नाही. पण त्याचा ठसा झोताच्या आकारात उमटतो.

शेतातल्या तुषार सिंचनाच्या फिरत्या नोझलचे उदाहरण घेता येईल. प्रत्येक थेंब सुटला त्या दिशेने सरळ जातो. पण नोझल फिरत असल्यामुळे आधी सुटलेले थेंब एका दिशेला आणि नंतरचे दुसऱ्या दिशेला असतात. वरून पाहिले तर पाण्याची धार वळलेली दिसते. त्या वळणाचा फोटो काढला, तर नोझल कोणत्या बाजूला आणि किती वेगाने फिरत होते, हे फोटोवरूनही सांगता येईल.

अशी धार आपल्याच आकाशगंगेत स्पष्ट दिसलेली आहे. गरुड तारकासमूहात एसएस ४३३ नावाची जोडी आहे. तिच्यात एक दाट खगोल शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि प्रकाशाच्या सुमारे २६ टक्के वेगाने झोत सोडतो. हे झोत १६२ दिवसांत एक फेरी मारतात. रेडिओ चित्रांत त्यांचा आकार बुचाच्या स्क्रूसारखा पिळदार दिसतो. हा खगोल महाकाय कृष्णविवरांच्या तुलनेत अगदी लहान आहे, म्हणून त्याची लय माणसाच्या आवाक्यात येते.

रेडिओ दीर्घिकांच्या चित्रांत शास्त्रज्ञ प्रामुख्याने चार खुणा शोधतात. झोत वळलेला आहे का, ही पहिली. तो ढगाच्या मधोमध न जाता कडेने जातो का, ही दुसरी. झोत आदळतो तेथे एकाऐवजी अनेक किंवा पसरट तेजस्वी ठिपके आहेत का, ही तिसरी. झोताने आपले लक्ष्य बदलल्याचे त्यातून सूचित होते. दोन्ही बाजू मिळून इंग्रजी एस अक्षरासारखा आकार होतो का, ही चौथी. चित्र अर्धा फेरा फिरवले तरी ते तसेच दिसले पाहिजे, कारण एक झोत डावीकडे कलतो तेव्हा विरुद्ध दिशेचा झोत उजवीकडे कलतो.

मार्टिन क्राउझे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा खुणांच्या आधारे ३३ शक्तिशाली रेडिओ स्रोत तपासले. त्यांपैकी २४ मध्ये, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांमध्ये, डोलण्याचे ठळक पुरावे आढळल्याचे त्यांनी नोंदवले. सिग्नस ए हे त्यातले सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण होते. तेथे कृष्णविवरांची जवळजवळ असलेली जोडी असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वाकडा झोत म्हणजे डोलणारा झोत का?

नाही. झोत वाकण्याची इतरही कारणे असतात.

ययाति तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यातील एनजीसी १२६५ ही दीर्घिका समूहातील वायूमधून प्रचंड वेगाने जाते. समोरून येणाऱ्या या ‘वाऱ्यामुळे’ तिचे दोन्ही झोत मागे वळलेले दिसतात, जसे धावत्या मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे उपरणे मागे उडते. येथे दोन्ही झोत एकाच बाजूला वळतात. डोलणाऱ्या झोतांत ते विरुद्ध बाजूंना वळायला हवेत. त्यामुळे हा फरक ओळखणे सोपे जाते.

काही उदाहरणे मात्र फसवी निघाली. मीन तारकासमूहातील एनजीसी ३२६ या रेडिओ दीर्घिकेचा आकार पिळलेला आहे. १९७८ मध्ये रॉन एकर्स आणि सहकाऱ्यांनी डोलणाऱ्या झोताचे उदाहरण म्हणून ती मांडली. तिच्या केंद्रात दोन दीर्घिका शेजारी-शेजारी असल्यामुळे ही कल्पना पटणारीही होती. पुढे २००२ मध्ये, दोन कृष्णविवरे विलीन होऊन झोताची दिशा अचानक बदलली असावी, अशा स्पष्टीकरणासाठीही याच दीर्घिकेचा दाखला दिला गेला. कितीतरी वर्षे ती या विषयाचे नमुनेदार उदाहरण राहिली.

२०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या ‘लोफार’ या दुर्बिणीने कमी वारंवारतेवर तिचे नवे चित्र घेतले. जुन्या चित्रांत न दिसलेल्या लांबच लांब शेपट्या त्यात दिसल्या. दोन दीर्घिकासमूह एकमेकांत मिसळत असताना तेथील वायूच्या हालचालींनी झोतातील पदार्थ असा वाहून नेला असावा, हे स्पष्टीकरण मार्टिन हार्डकॅसल आणि सहकाऱ्यांनी मांडले. आकार समजावून घेण्यासाठी झोताची दिशा बदलल्याचे मानण्याची गरज उरली नाही.

दक्षिण आकाशातील पीकेएस २०१४-५५ या दीर्घिकेचेही असेच झाले. तिचे ढग इंग्रजी एक्स अक्षरासारखे दिसत. २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ‘मीरकॅट’ दुर्बिणीच्या स्पष्ट चित्रात हा आकार दोन बूमरँगसारखा निघाला. बाहेर गेलेला पदार्थ वायूच्या दाबामुळे मागे वळला आणि दीर्घिकेच्या तिरक्या वायूपट्ट्यावर आपटून बाजूंना वळवला गेला, असे त्यातून स्पष्ट झाले.

अशा एक्स आकाराच्या स्रोतांवर पुणे जिल्ह्यातही काम झाले आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. मीटरभर लांबीच्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी ती बांधलेली आहे. या विषयात त्याचा फायदा होतो, कारण झोतातील इलेक्ट्रॉन जुने होत जातात तशी त्यांची उच्च वारंवारतेवरील चमक आधी विझते. कमी वारंवारतेवर जुना, थकलेला पदार्थही दिसतो आणि कोणता भाग जुना, कोणता ताजा, याचा अंदाज बांधता येतो.

झोताने दिशा बदलली असेल, तर जुन्या दिशेकडचे पंख म्हातारे असायला हवेत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील धरमवीर लाल आणि ए. प्रमेश राव यांनी जीएमआरटीतून अशा स्रोतांची निरीक्षणे घेतली. ३सी २२३.१ या स्रोतात त्यांना उलट चित्र दिसले. पंखांतील पदार्थ मुख्य ढगांपेक्षा जुना वाटत नव्हता. झोत वळला आणि मागे जुने पंख उरले, ही सरळ गोष्ट सगळीकडे लागू पडत नाही, हे यातून दिसून आले.

जोडी आहे की नाही, याला इतके महत्त्व का?

दीर्घिका एकमेकींत विलीन होतात, हे असंख्य छायाचित्रांत दिसते. त्यांची कृष्णविवरे पुढे एक होतात का, हा प्रश्न मात्र अवघड आहे. सुरुवातीला आसपासच्या ताऱ्यांना दूर भिरकावत ती एकमेकांजवळ येतात. अंतर काही प्रकाशवर्षांवर आले की भिरकावण्यासाठी तारेच उरत नाहीत आणि जोडी तेथेच अडकून राहू शकते. अंतर आणखी बरेच कमी झाल्याशिवाय गुरुत्वीय लहरींमुळे ती विलीन होणार नाहीत. ही मधली दरी ती कशी ओलांडतात, यावर अनेक वर्षे संशोधन सुरू आहे.

इतक्या जवळ आलेली दोन कृष्णविवरे बहुतेक दुर्बिणींना वेगळी दिसत नाहीत. म्हणून झोतांच्या डोलण्याकडे पाहिले जाते. तीन चतुर्थांश शक्तिशाली झोत खरोखरच जोडीमुळे डोलत असतील, तर विश्वात अशा जोड्या विपुल आहेत. त्यातले बरेच आकार वायूच्या प्रवाहांमुळे झाले असतील, तर जोड्यांची संख्या कमी भरेल.

दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यातही जीएमआरटीचा वाटा आहे. २९ जून २०२३ रोजी जगातील अनेक संशोधन गटांनी विश्वात सगळीकडे भरून राहिलेल्या अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यात युरोपीय गटासोबत ‘इंडियन पल्सार टायमिंग ॲरे’ हा भारतीय गट होता. पल्सार हे अत्यंत नियमितपणे स्पंदने पाठवणारे तारे आहेत. त्यांच्या ठोक्यांत वर्षानुवर्षे पडणारा सूक्ष्म फरक मोजून या लहरींचा माग काढला जातो. भारतीय गटाने त्यासाठी जीएमआरटीतील नोंदी वापरल्या. या लहरींचा सर्वांत संभाव्य स्रोत म्हणजे महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्या. हे निष्कर्ष अजून अंतिम शिक्कामोर्तबाच्या अलीकडे आहेत, पण झोतांवरून बांधलेला अंदाज पडताळण्याचा एक स्वतंत्र मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.

एकेका जोडीबाबत वादही आहेत. कर्क तारकासमूहातील ओजे २८७ साधारण १२ वर्षांच्या अंतराने उजळतो. त्यात एक प्रचंड आणि एक लहान अशी दोन कृष्णविवरे असल्याचे प्रारूप फिनलंडमधील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी विकसित केले. त्यावरून वर्तवलेला उजाळा ३१ जुलै २०१९ रोजी ‘स्पिट्झर’ अवकाश दुर्बिणीला अवघ्या चार तासांच्या फरकाने दिसला. मात्र २०२२ मध्ये अपेक्षित असलेला उजाळा दिसला नाही, असे दुसऱ्या एका गटाने दाखवून दिले आणि कृष्णविवराचे वस्तुमानही खूप कमी असल्याचा दावा केला. याच स्रोताचा झोत सुमारे २२ वर्षांच्या लयीत डोलत असल्याचे २०१८ मधील एका अभ्यासात म्हटले आहे. त्यामागे जोडी आहे की तिरकी तबकडी, याचा निर्णय झालेला नाही.

डोलणाऱ्या झोताचा दीर्घिकेवर काय परिणाम होतो?

दीर्घिकेभोवतीचा तप्त वायू थंड झाला की केंद्राकडे कोसळतो आणि त्यातून नवे तारे जन्मतात. मोठ्या दीर्घिकांत हे अपेक्षेपेक्षा कमी घडते, कारण झोत तो वायू पुन्हा पुन्हा तापवतात. एकाच दिशेला जाणारा झोत वायूत अरुंद बोगदा खणून बाहेर निघून जाऊ शकतो आणि बाजूचा वायू जसाच्या तसा राहतो. झोत डोलत असेल, तर तो कितीतरी मोठ्या भागावरून फिरतो आणि उष्णता अधिक समान वाटली जाते. संगणकीय प्रारूपांतही असे दिसते. दीर्घिकेत पुढे किती तारे जन्मतील, हे काही अंशी तिच्या झोताच्या डोलण्यावर अवलंबून असू शकते.

असा झोत पृथ्वीवर रोखला जाईल का?

त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. एम ८७ चा झोत आपल्या दृष्टिरेषेच्या बराच बाजूने जातो, त्याचे डोलणे काही अंशांचेच आहे आणि अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षांचे आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही सुमारे ४० लाख सूर्यांइतके जड कृष्णविवर आहे. ते सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर असून सध्या खूपच शांत आहे. रेडिओ दीर्घिकांसारखा शक्तिशाली झोत तेथून निघत नाही.

पुढे काय?

दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ ही मोठी रेडिओ दुर्बीण उभारली जात आहे आणि भारत त्यात सहभागी आहे. कमी वारंवारतेवरची अधिक स्पष्ट चित्रे मिळू लागतील, तेव्हा आज डोलणारे मानले जाणारे आणखी काही झोत एनजीसी ३२६ प्रमाणे यादीतून वगळावे लागतील. काही नवे यादीत येतील. एम ८७ ची पुढची फेरी मात्र यासाठी थांबणार नाही. २००० मध्ये निरीक्षणे सुरू झाली तेव्हापासून ११ वर्षांच्या हिशेबाने तिसरी फेरी २०३३ च्या आसपास पूर्ण व्हायला हवी. त्या वेळी झोत अपेक्षित जागी असेल, तर कृष्णविवर फिरते या निष्कर्षाला आणखी बळकटी मिळेल.